चुलतपुतण्या राहायला आलाय, घरी डिमेन्शियाच्या सासूबाई: काउन्सिलकडे नेमकं काय मागायचं?

हाउन्स्लोकर

मंडळी, शेजारच्या एका मराठी कुटुंबासाठी विचारतोय. पश्चिम लंडन, भाड्याचं घर. घरात नवरा, बायको, ९ वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई. सासूबाई ८१ वर्षांच्या, ब्रिटिश नागरिक, दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालंय. त्यांचं सगळं सूनच बघते. ती शिवाय एका दुकानात आठवड्याला १७ तास काम करते, तासाला १२.२१ पौंड. नवऱ्याच्या गोडाऊनमधले तास हिवाळ्यापासून कमी झालेत. घरभाडं कसंबसं निघतंय, काउन्सिल टॅक्सचा एक हप्ता थकलाय.

त्यात पाच आठवड्यांपूर्वी नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा यांच्याकडे राहायला आला. वय १३, जन्म इथलाच. वडील नाहीत, आई हॉस्पिटलात आहे आणि लवकर घरी येईल असं दिसत नाही.

आजवर एक पैसा कुठून मागितलेला नाही. "आपल्याच माणसांचं करतोय, त्याचे पैसे कसले मागायचे" हे त्यांचं म्हणणं. मला वाटतं किमान चार ठिकाणी तरी त्यांचा हक्क आहे, पण कोणत्या ते धड सांगता येत नाही. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

शिक्कामोर्तब

आधी मुलाचं बघू, कारण तिथे घड्याळ चालू आहे.

आपल्याकडे बापाचा चुलतभाऊ म्हणजे काकाच. इंग्लंडचा कायदा तसं मानत नाही. चिल्ड्रन ॲक्ट १९८९ च्या कलम १०५ मध्ये नातेवाईक कोण हे मोजून दिलंय: आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका-मामा-आत्या-मावशी आणि सावत्र आई-वडील. काका-मामा सख्खे, सावत्र किंवा लग्नाच्या नात्याने चालतात. चुलत, मावस, आते, मामे यातलं काहीच त्यात नाही. म्हणजे हे जोडपं कायद्याच्या लेखी त्या मुलाचे 'परके'.

१६ वर्षांखालचं मूल (अपंग असेल तर १८) अशा परक्या घरी २८ दिवस किंवा जास्त राहिलं, किंवा राहणार असेल, आणि ही सोय आई-वडिलांनी परस्पर केलेली असेल, तर त्याला 'प्रायव्हेट फोस्टरिंग' म्हणतात. काउन्सिलच्या चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला ६ आठवडे आधी कळवायचं असतं, तेवढा वेळ नसेल तर लगेच. न कळवणं हा गुन्हा आहे. घाबरू नका, उशिरा पण आपणहून कळवणाऱ्या घरावर कुणी खटला भरायला धावत नाही. शाळेने किंवा जीपीने (फॅमिली डॉक्टरने) आधी कळवलं तर मात्र सुरुवातच संशयाने होते.

कळवल्यावर ७ कामाच्या दिवसांत सोशल वर्कर घरी येतो. मुलाशी एकट्याशी बोलतो, झोपायची जागा बघतो, घरातल्या मोठ्यांचे डीबीएस (गुन्हेगारी नोंदीचे दाखले) तपासतो. पहिल्या वर्षी निदान दर ६ आठवड्यांनी, पुढे दर १२ आठवड्यांनी भेट. या प्रकारात काउन्सिल दरमहा काही देत नाही. खर्चाची जबाबदारी आणि पालक म्हणून निर्णयाचा हक्क दोन्ही आईकडेच राहतात.

म्हणून आईकडून एक पानाचं पत्र आजच लिहून घ्या: मुलाचं नाव, जन्मतारीख, जीपी, शाळा, ॲलर्जी, आणि "डॉक्टर, दंतवैद्य, शाळेच्या सहली, तातडीचे उपचार यांसाठी यांना माझी संमती आहे" एवढं. सही आणि तारीख. हे नसेल तर साध्या सहलीच्या फॉर्मवर सही कुणाची यावर शाळा अडते.

आता खरा प्रश्न. मुलगा यांच्याकडे आला कसा? पहिला फोन कुणी केला?

पैपैचा_हिशेब

मुलाचं वरच्यांनी सांगितलंय, मी सासूबाईंकडे येतो. सगळ्याची किल्ली म्हणजे अटेंडन्स अलाउन्स. तो नाही तर पुढचं एकही दार उघडत नाही.

पेन्शनच्या वयाच्या, सहा महिन्यांहून जास्त काळ मदतीची किंवा लक्ष ठेवायची गरज असलेल्या माणसासाठी हा भत्ता आहे. उत्पन्न, बचत, मुलगा काय कमावतो, काहीही बघत नाहीत. २०२५-२६ चे दर: फक्त दिवसा किंवा फक्त रात्री गरज असेल तर आठवड्याला ७३.९० पौंड, दोन्ही वेळा असेल तर ११०.४०. फॉर्म डाउनलोड करू नका. हेल्पलाइनला फोन करून मागवा. फोन केला ती तारीख फॉर्मवर छापून येते, आणि ६ आठवड्यांत भरून परत पाठवला तर पैसे त्या तारखेपासून धरतात. डाउनलोड केलेला फॉर्म त्यांच्याकडे पोचेल त्या दिवसापासूनच मोजला जातो.

आपली माणसं हा फॉर्म हमखास बिघडवतात. "आई काय काय करू शकतात?" असं विचारलं की सून लिहिते, "स्वतः जेवतात, देवपूजा करतात, त्यांना काही कमी नाही, आम्ही आहोत ना." झालं, नामंजूर. फॉर्म विचारतो गरज काय आहे. ती गरज सून भागवते की कुणीच भागवत नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. "देवपूजा करतात" च्या जागी "निरांजन पेटवून विसरतात, गेल्या महिन्यात दोनदा पदर ज्योतीजवळ गेला, त्यामुळे पूजा संपेपर्यंत शेजारी उभं राहावं लागतं" असं लिहा. तेच वाक्य, पण आता त्यात देखरेख दिसते.

हा मंजूर झाला की सुनेचा केअरर्स अलाउन्स (केअरर म्हणजे आजारी माणसाला सांभाळणारा): २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८३.३०. अट आठवड्याला ३५ तास सांभाळण्याची, आणि हाती येणारी कमाई (त्याच वर्षाच्या मर्यादेने) १९६ पौंडांच्या आत. इथे १७ × १२.२१ = २०७.५७. म्हणजे ११.५७ ने वर. एवढ्या पगारावर टॅक्सही नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही नाही, त्यामुळे तिथून वजावट मिळणार नाही. पण पेन्शनमध्ये स्वतः भरलेल्या रकमेची निम्मी वजा होते. दुकानाच्या पेन्शनमध्ये आठवड्याला २४ पौंड भरायला लावले तर १२ वजा, उरले १९५.५७. बसलं. हे २४ कुठे जात नाहीत, तिच्याच नावावर जमतात.

सावध राहा: ही मर्यादा उतरती पायरी नाही, कडा आहे. १९६ ला पूर्ण ८३.३० मिळतात, १९७ ला शून्य. ख्रिसमसच्या आठवड्यात दोन तास जादा केले आणि कळवलं नाही, तर दोन वर्षांनी वसुलीचं पत्र येतं. याच कारणाने हजारो लोकांकडून झालेल्या वसुलीच्या बातम्या २०२४ मध्ये गाजल्या आणि सरकारला लिझ सेस यांच्याकडून स्वतंत्र चौकशी करून घ्यावी लागली.

रात्रपाळी

@पैपैचा_हिशेब, गणित चोख आहे, पण घाई केलीत. या घराला युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घराला मिळणारी सरकारी मदत) मिळतं का, ते आधी विचारा. मिळत असेल तर केअरर्स अलाउन्समधला पौंड अन् पौंड त्यातून कापला जातो. एका खिशातून दुसऱ्यात, आणि वर दर जादा तासाला वसुलीची टांगती तलवार.

त्याऐवजी युनिव्हर्सल क्रेडिटमध्येच 'केअरर एलिमेंट' आहे, २०२५-२६ मध्ये महिन्याला २०१.६८ पौंड. त्याला १९६ ची मर्यादाच नाही. १७ तास करा, २७ करा, ३५ तास सांभाळणं होतंय आणि सासूबाईंना अटेंडन्स अलाउन्स आहे एवढं पुरतं. (पगार वाढला की युनिव्हर्सल क्रेडिट नेहमीच्या प्रमाणात घटेल, तो मुद्दा वेगळा.) शिवाय नोकरी शोधण्याच्या अटी सुटतात आणि बेनिफिट कॅप (एकूण भत्त्यांवरची कमाल मर्यादा) लागत नाही. हा एलिमेंट आपोआप मिळत नाही. ऑनलाइन खात्यात बदल नोंदवून आपण केअरर आहोत असं सांगावं लागतं, आणि कितीतरी जण ते सांगतच नाहीत. अटेंडन्स अलाउन्सचा निकाल यायचा असला तरी आत्ताच जर्नलमध्ये टाकून ठेवा.

सासूबाई वेगळ्या घरात एकट्या राहत असत्या तर आणखी एक खड्डा होता. एकटं राहणाऱ्याला पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांची मदत) गंभीर अपंगत्वाचे २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ८२.९० जास्त मिळू शकतात, आणि कुणी त्यांच्यासाठी केअरर्स अलाउन्स उचलला की ते बंद होतात. इथे एकत्र कुटुंब आहे, म्हणून हा प्रश्न नाही. पण ज्यांचे आई-वडील दोन गल्ल्या सोडून राहतात त्यांनी वाचून ठेवा.

हाउन्स्लोकर

हो, युनिव्हर्सल क्रेडिट डिसेंबरपासून मिळतंय.

आणि @शिक्कामोर्तब, फोनचं विचारलं. मुलाच्या आईला ॲम्ब्युलन्सने नेलं त्या संध्याकाळी काउन्सिलच्या इमर्जन्सी ड्यूटी टीममधल्या बाईंचा फोन आला. "आईने तुमचं नाव सांगितलंय, दोन-तीन रात्री ठेवून घ्याल का?" एवढंच विचारलं आणि रात्री साडेनऊला स्वतः आणून सोडलं. नंतर एकदा फोन, "सगळं ठीक ना?" मग काही नाही.

शिक्कामोर्तब

मग चित्रच पालटलं. माझं वरचं अर्धं उत्तर बाजूला ठेवा.

काउन्सिलने आपणहून घर शोधलं, फोन केला, मूल आणून पोचवलं. म्हणजे ही सोय घरच्यांनी परस्पर केलेली नाही. चिल्ड्रन ॲक्टच्या कलम २० खाली ज्या मुलाला सांभाळायला कुणी उरत नाही त्याच्या राहण्याची सोय करणं हे काउन्सिलचं कर्तव्य आहे. ते कर्तव्य यांच्या घराच्या आधाराने पार पाडलं, तर मूल 'लुक्ड आफ्टर' (काउन्सिलच्या जबाबदारीतलं) आणि हे जोडपं किनशिप फोस्टर केअरर, म्हणजे काउन्सिलतर्फे ओळखीतल्या मुलाला सांभाळणारे. केअर प्लॅनिंगच्या २०१० च्या नियमांतला २४ वा नियम यासाठीच आहे: पूर्ण तपासणी व्हायच्या आत ओळखीच्या माणसाला १६ आठवड्यांची तात्पुरती मान्यता, आणखी ८ आठवडे वाढवता येते. त्या नियमात 'ओळखीचं माणूस' सैल अर्थाने आहे, चुलतकाका चालतो. मान्यता मिळाली की फोस्टरिंगचा भत्ता सुरू, आणि सरकारने ठरवलेल्या किमान दराहून कमी नाही.

काउन्सिल म्हणेल, "आम्ही फक्त ओळखीच्या घरी पोचवलं, ही तुमची घरगुती व्यवस्था." हे वाक्य देशभर पाठ आहे. २००७ मध्ये साउदर्क काउन्सिलविरुद्धच्या दाव्यात कोर्ट ऑफ अपीलने यावरच निकाल दिला. तिथे मुलीला वडिलांच्या आधीच्या जोडीदाराकडे ठेवलं होतं आणि काउन्सिल म्हणत होतं की ही खाजगी सोय. कोर्टाने म्हटलं, सोय घडवून आणण्यात काउन्सिलचाच मोठा हात असेल तर ते आपलं कर्तव्यच बजावतंय असं धरायचं. ती खाजगी ठेवायची असेल तर सांभाळणाऱ्याला त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवं की खर्च आई-वडिलांकडून घ्यायचा, काउन्सिल देणार नाही. साडेनऊ वाजता दारात उभं राहून हे कुणी सांगितलं का? नसेल तर बाजू भक्कम आहे.

आता पुरावा. त्या दिवशीच्या कॉल लॉगचा स्क्रीनशॉट घ्या, नंबर आणि वेळ दिसेल असा. काही फोन महिन्या-दोन महिन्यांनी जुनी नोंद पुसतात, त्यामुळे आजच. मग चिल्ड्रन्स सर्व्हिसेसला ईमेल. फोनवर बोलू नका, बोलावंच लागलं तर नंतर "आपलं असं बोलणं झालं" अशी चार ओळींची मेल टाका. मेलमध्ये तारीख, वेळ, कोण आलं, काय शब्द वापरले, खर्चाबद्दल काहीच सांगितलं नाही, आणि दोन मागण्या: मूल कलम २० खाली आहे हे लेखी द्या, आणि २४ व्या नियमाखाली आमची मान्यता पहिल्या रात्रीपासून धरा. शेवटी हे वाक्य घाला: "तुमचं मत वेगळं असल्यास हेच पत्र प्रायव्हेट फोस्टरिंगची सूचना समजावं." म्हणजे कळवलं नाही असा ठपका कुठल्याच बाजूने येत नाही.

नकार आला तर काउन्सिलची तक्रार प्रक्रिया, मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन. तिथे साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं. दरम्यान मुलांच्या कायद्याचं लीगल एड करणाऱ्या सॉलिसिटरचं एक पत्र गेलं तरी बरंच हलतं.

पैपैचा_हिशेब

@रात्रपाळी, मान्य. पेन्शनची युक्ती ज्यांना युनिव्हर्सल क्रेडिट नाही त्यांच्यासाठी ठेवू. बचत १६ हजारांवर आहे म्हणून ते बसत नाही, अशांना उपयोगी पडेल.

मुलाच्या बाबतीत एक जोड. दोन वाटा एकदम धरू नका. प्रायव्हेट फोस्टरिंग ठरलं तर मुलाचा चाइल्ड बेनिफिट (मुलामागे मिळणारा साप्ताहिक सरकारी भत्ता) यांना घेता येतो. २०२५-२६ मध्ये घरातल्या सर्वांत मोठ्या मुलाला २६.०५ आणि पुढच्या प्रत्येकाला १७.२५. म्हणजे हा मुलगा 'मोठा' होईल, मुलगी दुसरी, एकूण ४३.३०. युनिव्हर्सल क्रेडिटमध्येही मूल दाखवता येतं. पण फोस्टर मूल ठरलं तर यातलं काहीच नाही: ना चाइल्ड बेनिफिट, ना युनिव्हर्सल क्रेडिटमधला मुलाचा भाग (चाइल्ड एलिमेंट). बदल्यात फोस्टरिंगचा भत्ता युनिव्हर्सल क्रेडिट उत्पन्न म्हणून मोजत नाही. टॅक्समध्येही फोस्टर केअररना घरटी वर्षाला १९ हजार पौंडांहून जास्त सूट आहे, वर प्रत्येक मुलामागे दर आठवड्याची वेगळी. फक्त सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून नोंदणी करावी लागते, ते लोक विसरतात.

आणि आईशी बोलल्याशिवाय चाइल्ड बेनिफिट हलवू नका. मूल खात्यातून गेलं की तिचं स्वतःचं युनिव्हर्सल क्रेडिट आणि भाड्याची मदत ढळू शकते. हॉस्पिटलातून परतल्यावर घर शाबूत पाहिजे.

आंबेमोहोर

काउन्सिल टॅक्सवर कुणी आलं नाही अजून, आणि तिथे या घराचं सरळ २५ टक्के सुटतंय.

काउन्सिल टॅक्समध्ये घरातली मोठी माणसं मोजतात. एकच मोजलं गेलं तर २५ टक्के सवलत. या घरात तीन: नवरा, बायको, सासूबाई. डिमेन्शियासाठी डॉक्टरांचा दाखला आणि अटेंडन्स अलाउन्स असेल तर 'सिव्हिअर मेंटल इम्पेअरमेंट' या नावाखाली सासूबाई मोजणीतून वगळल्या जातात. नाव ऐकून लोक बिचकतात, "आमची आई वेडी नाही" म्हणतात. अहो, ते फक्त टॅक्सच्या फॉर्मवरचं नाव आहे.

नेहमीची चूक पुढे होते. सासूबाई वगळल्या तरी दोन माणसं उरतात, म्हणून काउन्सिल "सवलत नाही" कळवतं आणि लोक तिथेच थांबतात. दुसरा फॉर्म भरायचा असतो, केअरर म्हणून सुनेला वगळण्याचा. अटी: त्याच घरात राहणं, आठवड्याला ३५ तास सांभाळणं, जिला सांभाळते तिला अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता असणं, आणि ती व्यक्ती स्वतःचा नवरा किंवा १८ खालचं स्वतःचं मूल नसणं. सून-सासू बरोबर बसतं. सुनेच्या पगाराला इथे मर्यादा नाही. आता उरला एकटा नवरा, २५ टक्के गेले. तोही खरोखर ३५ तास सांभाळत असेल तर तोही वगळतात आणि सवलत ५० टक्के होते. पण नोकरीचे तास बघता तसं लिहिण्याआधी विचार करा, ते तपासतात.

सवलत अटी पुऱ्या झाल्या त्या तारखेपासून मागा, अर्जाच्या तारखेपासून नाही. सासूबाईंसाठी तळमजल्यावर वेगळी न्हाणी केली असेल किंवा एक खोली मुख्यतः त्यांच्या आजारपणासाठी वापरात असेल तर बँडही एक पायरी उतरतो, त्याचा अर्ज निराळा. आणि कमी उत्पन्नाचं 'काउन्सिल टॅक्स रिडक्शन' हे या सगळ्याच्या वर. नोकरीच्या वयाच्या लोकांसाठी त्याचे नियम २०१३ पासून दर काउन्सिलचे वेगळे आहेत, म्हणून लेस्टरच्या मित्राला मिळालं तेवढंच इथे मिळेल असं नाही.

थकलेल्या हप्त्याचं: स्मरणपत्रानंतर ७ दिवसांत भरलं नाही तर पुढे हप्त्यांची सोयच जाते आणि वर्षाची सगळी रक्कम एकदम मागतात. सवलतीचा अर्ज चालू आहे म्हणून हप्ता थांबत नाही. फोन करून "सवलतीचे दोन अर्ज दिलेत, तोवर वसुली थोपवा" असं नोंदवून घ्या.

भाडं, वीज, जेवणासाठी तातडीची मदत देणारा काउन्सिलचा हाउसहोल्ड सपोर्ट फंड ३१ मार्च २०२६ पर्यंतच होता. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड आहे, भाड्यासाठीची डिस्क्रिशनरी हाउसिंग पेमेंट्स त्यातच मिसळली आहेत. तातडीची मदत हवी असेल तर तिथे आत्ताच विचारा. बँकेची गेल्या दोन-तीन महिन्यांची स्टेटमेंट, भाडेकरार आणि युनिव्हर्सल क्रेडिटचं शेवटचं पत्रक एका फाइलीत तयार ठेवा.

रात्रपाळी

आता ज्यात पैसा कमी आणि उपयोग जास्त ते. सुनेने 'केअरर्स असेसमेंट' मागावं. केअर ॲक्ट २०१४ चं १० वं कलम. किती तास सांभाळता, किती कमावता, याने हा हक्क बदलत नाही. "तुम्ही नोकरी करता, मग केअरर कशा?" असं फोनवर कुणी म्हणालं तर ते चूक आहे. सासूबाईंचं स्वतःचं असेसमेंट ९ व्या कलमाखाली वेगळं. दोन्ही मागा, पण सुनेचं बोलणं सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्या समोर होऊ देऊ नका. समोर सासू बसलेली असताना "मला हे झेपत नाही" असं कुठली सून म्हणणार आहे?

कायद्यात हा प्रश्न अगदी स्पष्ट आहे: सांभाळणं यापुढे जमेल का, आणि करायची तयारी आहे का. दोन्ही. आशियाई घर दिसलं की "यांच्यात घरचेच बघतात" असं गृहीत धरून हा भाग उरकतात. उत्तर द्यायच्या आधी आठ दिवसांची वही करा, घड्याळाच्या वेळेसकट. अशी:

मंगळवार. १.४० ला उठल्या, गावी जायचंय म्हणून पिशवी भरली. २.०५ ला पुन्हा झोपवलं. ३.५० ला अंथरूण ओलं, चादर बदलली, अंग पुसलं. ५.१५ ला मागच्या दाराची कडी काढताना सापडल्या. ६.३० ला मी उठले.

हीच वही अटेंडन्स अलाउन्सच्या रात्रीच्या दरालाही कामी येते. दोन रकान्यांत लिहिलं तर एक झेरॉक्स तिकडे, एक इकडे.

मिळतं काय? आठवड्यातून काही तास कुणी घरी येऊन बसणं, डे सेंटर, दाराला सेन्सर, कधी सुनेच्या नावाने डायरेक्ट पेमेंट (मदत स्वतः विकत घ्यायला काउन्सिलने दिलेले पैसे). मात्र बदली माणूस येतो तो सासूबाईंच्या गरजेत मोजतात, म्हणून त्याचं शुल्क सासूबाईंच्या पैशावर ठरतं. त्यांची बचत २३,२५० पौंडांहून जास्त असेल तर पूर्ण खर्च त्यांचा. मुला-सुनेचा पगार त्यात धरत नाहीत. अटेंडन्स अलाउन्स मात्र उत्पन्नात धरू शकतात, तेव्हा आजारपणामुळे होणारे जादा खर्च (पॅड, रोजची धुणी, जादा हीटिंग) पावत्यांसह दाखवून वजा करून घ्या. न मागता कुणी वजा करत नाही.

नोकरीचं: ६ एप्रिल २०२४ पासून केअररला वर्षाला एक आठवडा बिनपगारी रजा मिळते, कामाच्या पहिल्या दिवसापासून, अर्ध्या-अर्ध्या दिवसानेही. हॉस्पिटलच्या तारखांना वापरावी.

निंबोणी

थोडं विषयांतर. ज्यांचे आई-वडील ॲडल्ट डिपेंडन्ट रिलेटिव्ह व्हिसावर (इथल्या मुलांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर) आलेत त्यांना हे लागू होतं का?

शिक्कामोर्तब

@निंबोणी, बहुतेक नाही. मुलाने हमीपत्र दिलेलं असतं, आणि त्यानंतर ५ वर्षं पालकांना 'पब्लिक फंड्स', म्हणजे ठराविक सरकारी भत्ते, बंद. अटेंडन्स अलाउन्स त्यात येतो. तो नाही म्हणून केअरर्स अलाउन्स नाही, केअरर एलिमेंट नाही, वर सांगितलेली टॅक्समधली दोन्ही वगळणी पण नाहीत. काउन्सिल टॅक्स रिडक्शनही पब्लिक फंड आहे, एकट्या माणसाची २५ टक्के सवलत मात्र नाही. केअर ॲक्टखालचं असेसमेंट पब्लिक फंडमध्ये मोडत नाही, ते मागता येतं. अर्ज करायच्या आधी व्हिसाचं पत्र इमिग्रेशन सल्लागाराला दाखवा. मंजूर होऊन पैसे आले तरी पुढच्या अर्जाच्या वेळी तेच अंगाशी येऊ शकतं.

हाउन्स्लोकर

खूप आभार. स्क्रीनशॉट आत्ताच घेतला, नोंद अजून होती. अटेंडन्स अलाउन्सचा फोन उद्या सकाळी.

एक शेवटचं. सासूबाईंचं इंग्रजी आता जवळपास गेलंय. असेसमेंटला नात दुभाषी म्हणून बसली तर चालेल का? ती छान बोलते दोन्हीकडे.

रात्रपाळी

नको. ९ वर्षांच्या मुलीसमोर आजीच्या शी-शूचे प्रश्न विचारले जातात. ती निम्मं गाळते, निम्मं गोड करून सांगते. दुभाषी देणं काउन्सिलचं काम आहे आणि तो फुकट असतो.

भेट ठरतानाच "मराठी, हिंदी नाही" असं लेखी कळवा. नाहीतर फॉर्मवर 'इंडियन' बघून हिंदी किंवा गुजराती माणूस पाठवतात. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी जाते, तेव्हा सासूबाई हिंदीला नुसत्या मान हलवतील आणि अहवालात लिहिलं जाईल, "आजी व्यवस्थित संवाद साधतात." मराठी माणूस मिळायला वेळ लागला तर फोनवरचा दुभाषी चालेल, पण स्पीकर सासूबाईंच्या चांगल्या कानाच्या बाजूला ठेवा आणि टीव्ही बंद करा.

आणि नातीचं निघालंच आहे तर तेही विचारा. ती आजीवर लक्ष ठेवत असेल, शाळेतून आल्यावर तिच्याजवळ बसत असेल, तर 'यंग केअरर' म्हणून तिचंही असेसमेंट होतं. ते चिल्ड्रन्स सर्व्हिसेसकडे, मुलाची मेल जिथे जातेय तिथेच. मात्र मेल वेगळी पाठवा, एकाच धाग्यात घातली तर दोन्हीपैकी एकाचंच उत्तर येतं.